'स्प्रे घ्या' म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न: आमच्याकडे कांदा, मिरची आणि थोडी द्राक्षबाग आहे. कृषी सेवा केंद्रात विचारलं की 'अमुक औषधाचा स्प्रे घ्या' एवढंच सांगतात. सल्ल्याच्या मेसेजमध्येही तेवढंच असतं. पण स्प्रे म्हणजे पान नुसतं ओलं करायचं की पाणी गळेपर्यंत भिजवायचं? नोझल कोणता, पाणी किती? शेजाऱ्याला त्याच औषधाने रिझल्ट मिळाला, आम्हाला पुन्हा पुन्हा मारूनही नाही. औषध बनावट होतं का? आणि आता ड्रोनवाला एकरी १० लिटर पाण्यात काम करतो म्हणतो, तेवढ्याने भागतं का?

उत्तर:

बनावट औषध बाजारात असतं, ते मी नाकारत नाही. पण 'औषध चाललं नाही' अशी तक्रार आली की मी डबीच्या आधी पंप आणि नोझल बघतो, आणि बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो. स्प्रे हा शब्द आपण दिवसभर वापरतो. भुरीचं बुरशीनाशक, कांद्यावरचं कीटकनाशक, बांधावरचं तणनाशक, १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत, सगळ्याचा स्प्रेच. शब्द एक म्हणून पंप एक, नोझल एक आणि हात फिरवायची पद्धतही एकच. खरं तर यातल्या प्रत्येक कामाला लागणारा थेंब वेगळा असतो, आणि तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं थेंबापाशी येतात.

थेंबाचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. ४०० मायक्रॉनचा एक थेंब फोडला तर तेवढ्याच पाण्यात २०० मायक्रॉनचे ८ थेंब होतात आणि १०० मायक्रॉनचे ६४. पाणी तेवढंच, औषध तेवढंच, पण पानावर पडणारे ठिपके ६४ पट. म्हणून बारीक थेंब चांगला असं वाटतं, आणि कीड-रोगाच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. मर्यादा वाऱ्याची आणि उन्हाची. ४०० मायक्रॉनचा थेंब १० फुटांवरून साधारण २ सेकंदांत खाली येतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला त्यासाठी १० सेकंद लागतात, आणि ताशी ५ किलोमीटरची नुसती झुळूक असली तरी तेवढ्या वेळात तो १४ मीटर लांब गेलेला असतो. भर दुपारी तर त्यातलं पाणी वाटेतच उडून जातं. उलट मोठा थेंब नेमका पडतो, पण गुळगुळीत पानावर टिकत नाही, घरंगळतो.

आता 'किती भिजवायचं' याबद्दल. पान टिपटिप गळायला लागलं म्हणजे स्प्रे चांगला झाला, असं आपल्याकडे पक्कं बसलं आहे. ते बरोबर नाही. पानावर एका मर्यादेपर्यंतच पाणी थांबतं. त्यापुढे ठिपके एकमेकांत मिसळतात, त्यांचा ओघळ होतो आणि तो जाताना आधीचं औषधही घेऊन जातो. गळणाऱ्या पानावर अनेकदा न गळणाऱ्या पानापेक्षा कमी औषध उरतं. म्हणून थांबायचं ते ओघळ सुरू होण्याच्या जरा आधी. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

ठिपके पुरेसे पडले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पिवळा वॉटर सेन्सिटिव्ह पेपर मिळतो. पाण्याचा थेंब जिथे पडेल तिथे तो निळा होतो. तुमच्या मिरचीत ही चाचणी अशी करा. झाडाचा शेंडा, मधला भाग आणि बुडाजवळची फांदी अशा तीन ठिकाणी दोन-दोन तुकडे स्टेपलरने पानांना लावा, एक पानाच्या वर आणि एक पानाच्या खालच्या बाजूला. हात कोरडे ठेवा, घामाच्या बोटानेही कागद निळा होतो. मग टाकीत नुसतं पाणी भरा आणि गड्याला नेहमीसारखं मारायला सांगा. आपण काही बोलायचं नाही, त्याचा वेग बदलू द्यायचा नाही. कागद वाळले की काढून ओळीने मांडा. कीटकनाशकासाठी एका चौरस सेंटिमीटरला २० ते ३० ठिपके आणि स्पर्शजन्य, म्हणजे पडेल तिथेच काम करणाऱ्या, बुरशीनाशकासाठी ५० ते ७० ठिपके हवेत, असा सर्वसाधारण मापदंड आहे. शेंड्याचा वरचा कागद बहुधा सगळाच्या सगळा निळा निघतो. तिथे गरजेपेक्षा जास्त गेलं. बुडाजवळचा, पानाखाली लावलेला कागद मात्र जवळजवळ कोरा पिवळा निघतो, आणि कीड बसलेली असते ती नेमकी तिथे. हे कागद एकदा समोर ठेवले की औषधाच्या कंपनीवरचा राग बराचसा उतरतो.

मिरचीत आणखी एक गोष्ट तपासा. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर ते फुलकिड्यांचं, म्हणजे थ्रिप्सचं काम. खालच्या बाजूला वळत असतील तर कोळी. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे थ्रिप्ससाठी दिलेली बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. त्यासाठी वेगळं कोळीनाशक लागतं. दोन्ही पानाखाली आणि कोवळ्या शेंड्यात राहतात. वरून पाऊस पाडल्यासारखं मारून ते मरणार नाहीत. नोझल झाडाच्या कमरेएवढ्या उंचीवर ठेवून तोंड वर करावं लागतं.

'पण आमचं औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं आहे, कुठेही पडलं तरी झाडभर जातं,' हे मला नेहमी ऐकवतात. बहुतेक आंतरप्रवाही औषधं झाडात पाण्याबरोबर वरच्या दिशेने सरकतात, म्हणजे पानाच्या बुडाकडून टोकाकडे. शेंड्यावर मारलेलं खाली उतरून जुन्या पानांत येत नाही. ॲबामेक्टिनसारखं औषध पानाच्या वरून खालच्या बाजूला झिरपतं, पण त्याच पानात. फोसेटिल ॲल्युमिनियम वर-खाली दोन्हीकडे फिरतं, तशी थोडीच. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक तर अजिबात आत जात नाही. जिथे ठिपका पडला तिथेच त्याचं संरक्षण.

कांद्याची गोष्ट निराळी. पात उभी आणि मेणचट असते, थेंब ठरत नाही. थ्रिप्स बसतात ते पातींच्या बेचक्यात, मानेजवळ. इथे द्रावण पातीला चिकटवून पसरवणारा स्टिकर-स्प्रेडर हवाच. पाणी थोडं जास्त घेऊन ते ओघळून बेचक्यात उतरलं तर ते फायद्याचं, म्हणजे मघाचा नियम इथे उलटा. मात्र सिलिकॉनवाला स्प्रेडर डोळे झाकून वाढवू नका. प्रमाण जास्त झालं तर पाण्याचा थर इतका पातळ पसरतो की सगळंच जमिनीवर उतरतं, आणि कोवळ्या पातीला चट्टेही पडतात.

नोझलचं सांगतो. कीड आणि रोगासाठी पोकळ शंकूचा नोझल, ज्याला हॉलो कोन म्हणतात. थेंब बारीक, गोल फिरत येतात आणि पानांच्या आत शिरतात. तणनाशकासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. थेंब जाड, पट्टा सरळ, उडणं कमी. नोझलच्या रंगाबद्दल गैरसमज फार आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रंग सांगतो तो प्रवाह. ३ बार दाबाला पिवळ्यातून मिनिटाला ०.८ लिटर, निळ्यातून १.२, लालमधून १.६. थेंब बारीक की जाड हे रंगावरून कळत नाही, ते नोझलचा प्रकार आणि दाब ठरवतात. दाबाचंही तसंच. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट करावा लागतो, आणि तोवर थेंबांचं धुकं होऊन जातं. काम उरकायला एचटीपीचा, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या पंपाचा, दाब वाढवण्यापेक्षा मोठा नोझल बसवा. नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त पाणी यायला लागलं की नोझल बदलायचा, मग दिसायला तो कितीही चांगला असो. डब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात कालवायच्या पावडरी वापरणाऱ्यांचे नोझल लवकर झिजतात. एक हंगामभर वापरलेला नोझल आणि नवा नोझल, दोन्हींखाली बादली धरून एक मिनिट मोजून बघा.

आता डोस, कारण शेजाऱ्याच्या आणि तुमच्या रिझल्टमधला फरक बहुधा इथे आहे. दुकानात 'पंपाला १५ मिली टाका' असं सांगतात. लेबलवर मात्र मात्रा एकरी किंवा हेक्टरी असते. समजा एकरी २०० मिली द्यायचं आहे. तुमचा १५ लिटरचा पंप ३ गुंठ्यांत संपत असेल तर ४० गुंठ्यांना १३-१४ पंप, म्हणजे २०० लिटर पाणी लागतं, आणि पंपाला १५ मिली हे गणित बरोबर बसतं. पण दुसरा गडी भराभर चालतो, त्याचा पंप ५ गुंठे पुरतो. त्याचं शेत ८ पंपांत आटोपतं आणि एकरात पडतं फक्त १२० मिली. ४० टक्के औषध कमी पडलं, आणि दोघांनाही वाटतं आपण सांगितलेल्या प्रमाणात मारलं. म्हणून दर हंगामात, पीक वाढेल तसं पुन्हा, आपल्या गड्याचा एक पंप किती गुंठ्यांत जातो ते मोजा आणि त्यावरून पंपाची मात्रा काढा. कमी मात्रेचे स्प्रे वारंवार घेतले की कीड मरत तर नाहीच, त्या औषधाला सरावतेही. मग चांगलं औषधही हातचं जातं.

पाण्याकडे आपण लक्षच देत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. कॅप्टनसारखं बुरशीनाशक ८ च्या वरच्या पीएचला काही मिनिटांत फुटायला लागतं. टाकी सकाळी भरून ठेवायची आणि जेवण करून मारायचं, असं झालं तर तुम्ही जवळजवळ नुसतं पाणीच मारता. ग्लायफोसेटला जड पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि गढूळ पाण्यातली मातीही. त्यासाठी तलावाचं लाल पाणी घेऊ नका, आणि जड पाण्यात आधी अमोनियम सल्फेट विरघळवून मग तणनाशक टाका. मिश्रण करताना टाकी अर्धी पाण्याने भरून घ्या. आधी पावडरी बादलीत कालवून टाका, मग एससी (बारीक कण तरंगणारं दाट औषध), मग ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध), शेवटी स्टिकर. चार-पाच औषधं एकत्र करण्याची जी पद्धत पडली आहे तिच्या मी विरोधात आहे. करायचंच असेल तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात कालवून अर्धा तास ठेवा. गोळे झाले, दही फाटल्यासारखं दिसलं, बरणी गरम लागली, तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये.

द्राक्षाकडे येतो. डाऊनीचा, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाचा, तेलकट डाग पानाच्या वर दिसतो, पण बुरशी शिरते ती खालच्या बाजूच्या रंध्रांतून. पांढरी लव खालीच येते. फळछाटणीनंतर फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत, पाऊस नाहीतर दव असताना, पानाची खालची बाजू कोरी राहिली तर वरून दिलेलं मॅन्कोझेब वायाच गेलं. ब्लोअरमध्ये, म्हणजे पंख्याच्या हवेने थेंब ढकलणाऱ्या ट्रॅक्टरच्या पंपात, काम पाण्यापेक्षा हवा करते. वेलीच्या आतली हवा बाहेर ढकलून तिच्या जागी थेंबांची हवा भरली गेली पाहिजे. ट्रॅक्टर जोरात नेला की हवेला तेवढा वेळच मिळत नाही. मागे उभं राहून बघा. पलीकडच्या बाजूची पानं हलली पाहिजेत आणि उलटी झाली पाहिजेत. आतलीच पानं हलत नसतील तर गिअर खाली घ्या. कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पानोळा, दाट असेल तर विरळणी हाच पहिला स्प्रे समजा. पिठ्या ढेकणासाठी मात्र खोड आणि ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) धुवून काढावे लागतात, कारण तो सालीखाली दडतो. तिथे धुकं काही उपयोगाचं नाही, नितळून जाईल इतकं पाणी हवं. आणि जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकासाठी घड द्रावणात बुडवतात ते उगीच नाही. प्रत्येक मण्याला सारखं औषध लागावं ही गरज स्प्रेने भागत नाही.

द्राक्षाचा विषय निघाला म्हणून बोर्डो मिश्रणाबद्दल थोडं. फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षं कोणी तोडू नयेत म्हणून वेलींना मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फासत असत. त्या वेलींवर डाऊनी कमी असल्याचं १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. प्रयोग करून १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. आज कोकणात आणि गोव्यात सुपारीची फळं सडवणाऱ्या कोळेरोगावर हेच १ टक्का मिश्रण पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुढे ४०-४५ दिवसांनी मारतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. तिथे घोस न् घोस पूर्ण माखला पाहिजे, कारण पुढे पाऊस धो धो लागणार आणि औषधाचा थर हीच एकमेव ढाल. मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना वाढवा. आणि त्याच दिवशी संपवा.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून कपाशीत किंवा द्राक्षात नेला तर उरलेला अंश पुरेसा होतो. ही दोन्ही पिकं त्याला अतिशय हळवी आहेत. कपाशीची पानं भेंडीसारखी चिरलेली, लांबट होतात, द्राक्षाची पंख्यासारखी गोळा होतात. शेजारच्या उसात मारलेल्या टू-फोर-डीनेही हे होतं, विशेषतः एस्टर प्रकाराने, कारण त्याची वाफ उडते. तणनाशक मारायचं तर दाब कमी, थेंब जाड, नोझलवर हूड, म्हणजे थेंब अडवणारं झाकण. वारा अजिबात नसलेली पहाट चांगली, असं अनेकांना वाटतं. ती धोक्याची वेळ आहे. जमीन गार, वरची हवा गरम, अशा वेळी बारीक थेंब खाली न बसता थराने तरंगत राहतात आणि पुढे कुठेही जाऊन उतरतात. ऊन थोडं वर आलं आहे, पान किंचित हलतंय, अशी वेळ धरा.

हेच बारीक थेंब माणसाच्याही अंगावर येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. कपाशी डोक्याएवढी, हवा दमट, नोझल तोंडाच्या उंचीवर, अंगातला शर्ट भिजलेला, आणि त्याच कपड्यांत दिवसभर काम. विष श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं, आणि सर्वांत घातक वेळ असते डबीतलं औषध टाकीत ओतण्याची, कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. वाऱ्याकडे पाठ करून चालायचं. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकायचा नाही, जुना टूथब्रश खिशात ठेवा. डबीवरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणाला चक्कर, मळमळ, लाळ, घाम सुरू झाला की कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि डबी घेऊनच दवाखाना गाठा. ऑरगॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन चालतं, सगळ्या औषधांना तो उतारा नसतो. डॉक्टरांना डबीवरचं नाव लागतंच.

विद्राव्य खतांचा स्प्रे संध्याकाळी घ्या. पान जेवढा वेळ ओलं राहील तेवढं शोषण. १९:१९:१९ अर्धा टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम.

आता ड्रोन. केंद्राने २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं, त्यामुळे गावोगाव तो येतोय, आणि माणूस औषधाच्या ढगातून चालत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. एकरी १० लिटरमध्ये औषध एकरी मात्रेचंच जातं, पण द्रावण तीव्र असतं. त्यामुळे अनेक औषधं एकत्र करायची सवय तिथे आणखी महागात पडते. वरून दिसणाऱ्या पानांवर त्याचं काम चांगलं होतं. सोयाबीन, तूर, ऊस यांत मी नाही म्हणणार नाही. तुमच्या कांद्यात बेचक्यातल्या थ्रिप्सपर्यंत एवढं कमी पाणी पोचेल का, याची मला शंका आहे. आधी एखाद्या वाफ्यात पिवळे कागद मानेजवळ लावा, त्यावरून ड्रोन फिरवायला सांगा आणि कागद बघून मगच बाकीचा कांदा द्या. मिरचीत कागद पानाखाली लावा. मांडवाच्या द्राक्षबागेत मात्र ड्रोन घेऊ नका. तो वरून मारतो आणि डाऊनी खालून शिरतो, तिथे ब्लोअरच हवा.